फोटॉनची साक्ष

गेल्या कोजागरीला येथील काही मराठी कुटुंबे नेहमीप्रमाणे एका गच्चीवर जमली होती. दूध आटत होते. शेजारच्या गुजराती घरातून शरदपुनमेचे दूध-पोहे आले होते. चांदण्यावरून बोलणे निघाले ते प्रकाशावर गेले. तेव्हा बडोद्यास इंजिनियर असलेला, आमच्या मुलाच्या वयाचा एक तरुण म्हणाला, "काका, आपण दक्षिणी माणसं म्हणजे फोटॉन. घरात मराठी, बाजारात गुजराती. कोण विचारतो, त्यावर आपलं उत्तर." सर्वजण मनापासून हसले, आम्हीही हसलो. पिढ्यान्‌पिढ्या या मुलखात राहूनही ज्यांना अजून 'दक्षिणी' म्हटले जाते, त्यांना ही कोटी आवडणारच. हशाच्या भरात तो पुढे म्हणाला, "विज्ञानानं सिद्धच केलंय ना आता. पाहणारा ठरवतो. म्हणजे सत्य ज्याचं त्याचं."

यावर कोणी हरकत घेतली नाही. दोघातिघांनी माना डोलावल्या. एका ज्येष्ठ बाईंनी, हे आपल्या ऋषींना ठाऊकच होते, अशी पुस्ती जोडली. मग दुधाचे पेले फिरले आणि विषय संपला.

आमच्यापुरता तो संपला नाही. 'सत्य ज्याचे त्याचे' हे वाक्य आम्ही पूर्वीही ऐकले आहे, पण ते फोटॉनच्या संदर्भात नव्हे. सरकारी कचेरीत ते वेगळ्या शब्दांत नित्य बोलले जाते आणि आम्हीही बोललो आहोत. त्यामुळे फोटॉनने खरोखर अशी साक्ष दिली आहे काय, हे तपासून पाहणे आम्हांस आवश्यक वाटले. पदवीला पदार्थविज्ञान होते, त्यास चाळीसहून अधिक वर्षे झाली. तेव्हाचे बरेचसे विसरलो होतो. ते पुन्हा वाचले.

प्रथम मूळ गोष्ट. ज्यांनी जुन्या काळचा फोटो स्टुडिओ आतून पाहिला आहे, त्यांना तेथील अंधारी खोली आठवत असेल. तीत तांबडा दिवा लावलेला असे. त्या उजेडात फोटोग्राफर ब्रोमाइडचा कागद खुशाल हाताळी, पाण्यात बुडवी, वाळत घाली. कागदावर डाग पडत नसे. पण दाराच्या फटीतून पांढऱ्या उजेडाची एक तिरीप आली की कागद काळा झालाच. तांबडा दिवा त्या तिरिपेपेक्षा जास्त उजेड देत असला तरी हेच घडे. प्रकाश ही जर केवळ लाट असती, तर हे कोडे सुटणे कठीण होते. लाट मंद असली तरी पुरेसा वेळ आपटत राहिली की किनारा झिजवते. तांबड्या प्रकाशाची लाट कागदाला झिजवीत नाही, कारण प्रकाश कागदाला ऊर्जा देतो ती धारेने नव्हे, तर सुट्या नाण्यांनी. तांबड्या प्रकाशाचे नाणे लहान, निळ्याचे त्याच्या सुमारे दीडपट. कागदातील रासायनिक बदलाची किंमत तांबड्या नाण्याहून अधिक आहे, आणि दोन नाणी जोडून ती चुकती करण्याची सोय तेथे सहसा नाही. या एकेका नाण्यास आज आपण फोटॉन म्हणतो.

ऊर्जा अशी ठरावीक हप्त्यांत दिली-घेतली जाते, हा विचार माक्स प्लांक यांनी १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये मांडला. तो त्यांनी नाइलाजाने मांडला होता. प्रकाश स्वतःच अशा हप्त्यांचा बनलेला आहे, हे धाडस १९०५ साली सव्वीस वर्षांच्या आइन्स्टाइन यांनी केले. आइन्स्टाइन तेव्हा बर्न येथील पेटंट कचेरीत नोकरीस होते. कचेरीतील माणसाने फावल्या वेळात केलेले हे काम असल्याने आम्हांस त्याचे थोडे अधिक कौतुक वाटते, हे कबूल करतो. त्या काळच्या विद्वानांना मात्र ते पचले नाही. १९१३ साली प्लांक आणि इतरांनी आइन्स्टाइन यांची प्रशियाच्या अकादमीसाठी शिफारस केली, तेव्हा प्रकाशाच्या हप्त्यांची कल्पना ही या थोर माणसाची क्षम्य चूक समजावी, अशा आशयाचे लिहिले. अमेरिकेत मिलिकन यांनी ही कल्पना खोडून काढण्यासाठी वर्षानुवर्षे प्रयोग केले. १९१६ मध्ये त्यांचे आकडे आइन्स्टाइनच्या सूत्राशी तंतोतंत जुळले. मिलिकन यांनी आकडे जसेच्या तसे छापले, आणि कल्पना आपणांस मान्य नाही असेही त्याच लेखात लिहिले. ज्यावर विश्वास नाही त्याच्या बाजूचा पुरावा दाबून न ठेवणारा असा माणूस आम्हांस प्लांकइतकाच थोर वाटतो.

१९२४ साली ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी एक लहानसा लेख आइन्स्टाइन यांच्याकडे धाडला. आइन्स्टाइन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापविला. बोस यांनी प्रकाशाचे हप्ते मोजण्याची रीतच बदलली. दोन वेगवेगळ्या गोट्या दोन डब्यांत ठेवायच्या तर चार प्रकार होतात. बोस यांच्या हिशेबात दोन फोटॉन दोन डब्यांत तीनच प्रकारे राहतात. कारण 'हा डावीकडे, तो उजवीकडे' आणि 'तो डावीकडे, हा उजवीकडे' यांत फरक करायला 'हा' आणि 'तो' मुळात नाहीतच. फोटॉनच्या नावाने सातबारा निघत नाही. महसूल खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ही गोष्ट लाट-कणाच्या कोड्यापेक्षाही चमत्कारिक वाटते.

नावाची हकीकतही सांगण्याजोगी आहे. 'फोटॉन' हा शब्द १९२६ च्या डिसेंबरात गिल्बर्ट लुइस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने रूढ केला. पण त्यांना अभिप्रेत असलेली वस्तू निराळीच होती. त्यांचा फोटॉन जन्मत नसे, मरत नसे. तो फक्त या अणूतून त्या अणूत जाई. ती उपपत्ती थोड्याच काळात निकालात निघाली. शब्द मात्र राहिला, आणि लुइस ज्या गोष्टीस नाकारत होते तिलाच तो चिकटला. मराठीत आपण 'प्रकाशकण' म्हणतो, आणि या सर्व शास्त्राला 'पुंजयामिकी'. 'पुंज' म्हटले की आमच्यासारख्यांना खळ्यावरची रास आठवते, आणि येथे तर राशीतला एकच दाणा अभिप्रेत आहे. सयाजीराव महाराजांच्या काळी राज्यकारभारातील शब्दांचा आठ भाषांतील कोश सिद्ध झाला, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू', १९३१ साली. तशी मेहनत या शब्दांवर कोणी घेतली असती तर बरे झाले असते, असे वाटून जाते. असो.

येथे त्या बाईंच्या ऋषींचा विचार करू. वैशेषिकांनी तेजाचेही परमाणू मानले, हे खरे आहे, आणि त्या तर्काची झेप मोठी आहे. पण वैशेषिकांचे परमाणू नित्य आहेत. ते उत्पन्न होत नाहीत, नाश पावत नाहीत. फोटॉन नित्य नाही. दिवा लावला की अब्जावधी जन्मतात. करजणच्या काळ्या जमिनीवर पडले की बहुतेक तेथेच संपतात, आणि जमीन तेवढी तापते. म्हणजे कणादांचे परमाणू आपल्या आजच्या फोटॉनपेक्षा लुइस यांच्या फसलेल्या फोटॉनशी अधिक जवळचे ठरतात. यात कणादांना कमीपणा नाही. त्यांच्या तोंडी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर घातल्यानेच त्यांना कमीपणा येतो.

आता लाटेकडे. प्रकाश नाण्यांनी खर्च होतो हे ठरले, तरी तो लाटेसारखा पसरतो ही जुनी गोष्ट खोटी ठरली नव्हती. १९०९ साली केंब्रिजमध्ये जी. आय. टेलर या तरुणाने एका सुईची सावली फोटोच्या काचेवर घेतली. त्याने काजळी धरलेल्या काचा मध्ये ठेवून उजेड इतका मंद केला की सर्वांत लांब छायाचित्राला सुमारे दोन हजार तास, म्हणजे जवळपास तीन महिने लागले. सावलीच्या कडेला लाटेमुळे ज्या रेघा उमटतात, त्या भर उजेडातल्या इतक्याच स्वच्छ उमटल्या. फोटॉन इतके विरळ असताना ते एकमेकांशी संगनमत करून या रेघा काढत नसावेत. मग कोण काढतो?

टेलरच्या प्रयोगात एक फट राहिली होती. प्रकाश मंद करणे म्हणजे एकेक फोटॉन सोडणे नव्हे. ती फट पुष्कळ उशिरा, १९८६ साली बुजली. पॅरिसजवळ ओर्से येथे ग्रांजिए, रोजे आणि आस्पे या तिघांनी कॅल्शियमच्या अणूंतून फोटॉनच्या जोड्या मिळविल्या. जोडीतला एक आला की दुसरा वाटेवर आहे, अशी वर्दी मिळे. या दुसऱ्यापुढे त्यांनी एक अर्धपारदर्शक काच ठेवली. निम्मा प्रकाश तीतून आरपार जावा, निम्मा परतावा, अशी ती काच असते. दोन्ही वाटांच्या टोकांना एकेक मापक होता. फोटॉन अर्धा-अर्धा झाला असता तर दोन्ही मापक एकाच क्षणी वाजले असते. तसे जवळजवळ कधीच झाले नाही. एक तरी वाजे किंवा दुसरा, आणि वाजे तो पूर्ण वाजे. नंतर त्यांनी शेवटचे मापक काढून त्या दोन वाटा दुसऱ्या काचेवर पुन्हा एकत्र आणल्या. आता त्याच एकेकट्या फोटॉनांनी लाटेचा नमुना दाखविला. तो नमुना दोन्ही वाटांच्या लांबीतील फरकावर अवलंबून होता. एकाच वाटेने गेलेल्याला दुसऱ्या वाटेची लांबी कशी कळावी?

हेच ते 'कोण विचारतो त्यावर उत्तर'. 'कोणत्या वाटेने गेलास?' असे विचारले तर फोटॉन एक वाट सांगतो. 'दोन्ही वाटांत फरक किती?' असे विचारले तर तेही सांगतो. दोन्ही प्रश्न एका फोटॉनला एकाच वेळी पुरते विचारता येत नाहीत. येथवर आमच्या तरुण मित्राचे बरोबर आहे. पण येथेही 'पाहणारा ठरवतो' हे वाक्य सैल आहे. पाहणारा प्रश्न ठरवितो; उत्तर ठरवीत नाही. आरपार की परत, हे त्या तिघांपैकी कोणाच्याही इच्छेवर नव्हते. आणि पाहणारा म्हणजे डोळे असलेला माणूसच असायला हवा, असेही नाही. मापकाची टिकटिक माणूस घरी झोपला असताही नोंदली जाते.

आमच्या शेजारी एक जैन व्यापारी आहेत. वाचनाचा नाद असलेले सद्गृहस्थ. त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "हा तर आमचा स्याद्वाद." हे म्हणणारे ते पहिले नव्हेत. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी १९५४ साली आणि हॉल्डेन यांनी १९५७ साली स्याद्वादावर लिहिले; भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी यांनी त्याची नील्स बोर यांच्या परस्परपूरकतेच्या तत्त्वाशी तुलना केली. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे, 'एका अपेक्षेने' हे त्या व्यापाऱ्यांनीच आम्हांस बजावले, आणि सात भंगांतला 'अवक्तव्य' हा भंग समजावून सांगितला. एकाच दमात 'आहे' आणि 'नाही' म्हणण्याचा प्रसंग आला की वाणी थांबते, ती जागा म्हणजे अवक्तव्य. दोन काचांमधल्या फोटॉनसाठी याहून नेमका शब्द आमच्या ऐकिवात नाही.

पण त्यांनी लगोलग हत्तीची गोष्ट सांगितली, आणि तेथे आमची वाट वेगळी झाली. आंधळ्यांनी चाचपण्यापूर्वी हत्ती उभा आहे. सोंड आहे, पाय आहे, शेपूट आहे. चाचपणाऱ्यांचे हात तोकडे. अनेकांताचे औदार्य हे की ते प्रत्येक आंधळ्याला थोडे थोडे बरोबर ठरविते. फोटॉन हा असा हत्ती आहे काय? विचारण्यापूर्वी त्याची उत्तरे त्याच्यापाशी तयार असतात काय? बहुतेक सर्वांना मनातून वाटते की असणारच. आइन्स्टाइन यांनाही वाटे. १९६४ साली जॉन बेल यांनी ही केवळ मताची बाब न ठेवता हिशेबाची केली. उत्तरे आधीच तयार असतील आणि एकाला विचारलेला प्रश्न दूरच्या दुसऱ्याला तत्क्षणी कळत नसेल, तर जोडीने निघालेल्या दोन फोटॉनांच्या उत्तरांतील मेळ एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही, असे त्यांनी दाखविले. पुढे क्लाउझर, आस्पे, त्साइलिंगर आदींच्या प्रयोगांत मेळ त्या मर्यादेपलीकडे गेला. या तिघांना त्यासाठी २०२२ चे नोबेल मिळाले. तेव्हा दोनपैकी एक गृहीत सोडणे भाग आहे. दूरचा तत्काळ प्रभाव मानून पहिले गृहीत राखणारे भौतिकशास्त्रज्ञ आजही आहेत. बहुसंख्य मात्र पहिलेच सोडतात: विचारण्यापूर्वी उत्तर नव्हते. हत्ती नव्हता.

याची एक लहानशी चुणूक घरात पाहता येते. ध्रुवीकरणाच्या कागदाचे, म्हणजे पोलरॉइडचे, तीन तुकडे मिळवावेत. पहिला उभा, दुसरा आडवा धरला की पलीकडचे काही दिसत नाही. उभ्यातून सुटलेला एकही फोटॉन आडव्यातून जाऊ शकत नाही. आता त्या दोहोंच्या मध्ये तिसरा तुकडा तिरका, पंचेचाळीस अंशांत, सरकवावा. अडथळा वाढविला, तर उजेड कमी व्हायला हवा. पण अंधारात उजेड येतो. कागद अगदी निर्दोष असतील तर पहिल्यातून निघालेल्या प्रकाशाचा चौथा हिस्सा पलीकडे पोहोचतो. लाटेच्या हिशेबाने यात नवल नाही. पण एकेकट्या फोटॉनचा विचार केला तर असे म्हणावे लागते: उभ्या फोटॉनला 'तू तिरका आहेस काय?' हा त्याला लागू नसलेला प्रश्न विचारला, तर तो गप्प राहत नाही. निम्म्या वेळा 'होय' म्हणतो, निम्म्या वेळा 'नाही'. आणि 'होय' म्हणाला की त्यानंतर तो खरोखरच तिरका असतो; आधीचे उभेपण पुसले गेलेले असते.

आपल्या अहमदाबादेत याचा उपयोग केला गेला आहे. मार्च २०२१ मध्ये इस्रोच्या तेथील अवकाश उपयोग केंद्राच्या आवारात, समोरासमोरच्या दोन इमारतींमध्ये, तीनशे मीटर मोकळ्या हवेतून फोटॉनद्वारा गुप्त किल्ली पाठविण्यात आली. सूर्याचा उजेड नको म्हणून प्रयोग रात्री झाला. पुढल्याच वर्षी या केंद्राने भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या साथीने गुंतलेल्या फोटॉनजोड्या वापरून तेवढ्याच अंतरावर ते पुन्हा साधले. विक्रम साराभाई यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेली ती हीच प्रयोगशाळा. या विद्येची मूळ युक्ती बेनेट आणि ब्रासार या दोघांनी १९८४ साली सुचविली. पाठविणारा काही फोटॉन उभे-आडवे पाठवितो, काही तिरके, क्रम मनास येईल तसा. मध्येच टपलेल्या चोराला कोणत्या फोटॉनला कोणता प्रश्न विचारावा हे माहीत नसते. तो निम्म्या वेळा चुकीचा प्रश्न विचारतो. उत्तर त्याला मिळतेच, छातीठोक मिळते, पण ते निरर्थक असते, आणि फोटॉन मात्र बदलून पुढे जातो. चोराने प्रत्येकाला हटकले असेल, तर जुळायला हव्या असलेल्या शंभर नोंदींपैकी सुमारे पंचवीस चुकतात. पाठविणारा आणि घेणारा काही नोंदी उघडपणे ताडून पाहतात, आणि मध्ये कोणीतरी विचारपूस केली आहे हे त्यांस कळते.

हे वाचताना आम्ही थांबलो. चुकीच्या प्रश्नालाही ठाम उत्तर मिळते, ही गोष्ट आम्ही अहमदाबादच्या कितीतरी आधी पाहिली होती.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एका पुरानंतर नुकसानीच्या पाहणीस आमची नेमणूक झाली होती. गाव नदीकाठचे, घरे दीडशेच्या वर, आणि मुदत तीन दिवसांची. हातात छापील फॉर्म. घर कच्चे की पक्के, भिंती किती, पडल्या किती, नुकसान पूर्ण की अंशतः. एका विधवा बाईच्या घरापाशी आलो. तिच्या घराची एक भिंत विटांची आणि तीन मातीच्या. "बा, भिंती किती पडल्या?" आम्ही विचारले. "एक," ती म्हणाली. तलाठ्याने लिहिले: अंशतः. पंचांनी अंगठे उठविले. ती नोंद खरी होती, हे आजही सांगतो. त्या घटकेला पडलेली भिंत एकच होती.

पुराचे पाणी चढते तेव्हा मातीची भिंत पडतेच असे नाही. पुष्कळदा ती पाणी ओसरून ऊन पडल्यावर, वाळताना, चिरत जाऊन पडते. हे त्या गावातल्या पोरालाही ठाऊक होते. बारा-पंधरा दिवसांनी उरलेल्या दोन मातीच्या भिंती एका रात्रीत बसल्या. बाई तेव्हा दिराकडे निजायला जात होती, म्हणून वाचली. ती कचेरीत आली तोवर यादी वर गेली होती. पूर्ण आणि अंशतः यांच्या मदतीत पुष्कळ अंतर होते. आम्ही तिला नियम समजावून सांगितला. पाहणीच्या दिवशी जे होते ते लिहिले, दुसरे काय लिहिणार, असे म्हणालो. तिने ऐकून घेतले. उठताना एवढेच म्हणाली, "साहेब, तमे पूछ्युं एटलुं में कह्युं." तुम्ही विचारलेत तेवढे मी सांगितले.

त्या दिवशी कोणी आम्हांस फोटॉनची गोष्ट सांगितली असती, तर आम्ही ती आनंदाने कवटाळली असती. सत्य पाहणीवर अवलंबून असते; पाहणीपूर्वी घर 'अंशतः'ही नव्हते आणि 'पूर्ण'ही नव्हते; आम्ही प्रश्न विचारला, उत्तर उमटले, शाई वाळली. केवढा दिलासा! विज्ञानाची मोहोर असलेला, आणि वर ऋषींचीही. कोजागरीच्या रात्री त्या तरुणाचे वाक्य आम्हांस बोचले ते यासाठी. तो निष्पाप विनोद करीत होता. आम्हांस त्यात आमच्याच टेबलावरचे जुने उत्तर ऐकू आले.

फोटॉन हे उत्तर देण्यास मदत करीत नाही. त्याच्या बाबतीत 'विचारण्यापूर्वी उत्तर नव्हते' असे म्हणण्याचा अधिकार लोकांनी शंभर वर्षे झगडून मिळविला. मिलिकन यांनी नको असलेले आकडे छापले, टेलरने तीन महिने काच उघडी ठेवली, बेल यांनी मतभेदाला हिशेबाच्या पातळीवर आणले. आइन्स्टाइन यांचे समाधान मात्र झाले नाही. १९५१ च्या डिसेंबरात आपला जुना मित्र बेसो याला त्यांनी कळविले की पन्नास वर्षे चिंतन करूनही प्रकाशाचे हे हप्ते म्हणजे काय, याच्या उत्तराजवळ आपण गेलो नाही. अज्ञान आणि अनिश्चितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला भेद तपासण्याची कसोटी आता उपलब्ध आहे. जोडीच्या फोटॉनांना ती लावली तेव्हा तेथे न पाहिलेले असे काही शिल्लक नव्हते. त्या बाईच्या भिंतीला कसली कसोटी लावायची? भिंत कोणाच्या प्रश्नाची वाट पाहत नव्हती. ती आतून भिजलेली होती. पाहणीच्या दिवशी, आदल्या दिवशी, आणि फॉर्म छापणाऱ्याने रकाने आखले त्याही दिवशी माती भिजली की काय होते हे ठरलेले होते. तेथे हत्ती उभा होता.

त्याच न्यायाने आमच्या मित्राची पहिली कोटीही टिकत नाही, हे त्याला नंतर सांगितले. आम्ही घरात मराठी आणि बाजारात गुजराती बोलतो ते कोणी विचारल्यावर तसे होतो म्हणून नव्हे. दोन्ही भाषा तोंडात आधीपासून असतात. जनगणनेच्या फॉर्मातही मातृभाषा एक आणि इतर अवगत भाषा दोनपर्यंत लिहिण्याची सोय असते. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "मग काका, माणसात फोटॉनसारखं काहीच नाही?" या प्रश्नाने आम्ही थोडे अडखळलो. मोठी माणसे लहान मुलाला 'तुला आई जास्त आवडते की बाबा?' असे विचारतात. मुलाच्या मनात तोवर अशी तुलना नसते. विचारल्यावर ते एक नाव घेते, आणि पुढे कधी कधी त्या नावाला धरून राहते. तेथे प्रश्नाने उत्तर पाहिले की घडविले, हे आम्हांस सांगता येणार नाही. मनाच्या बाबतीत असे काही असू शकेल. पण मनाला बेल यांच्यासारखी कसोटी कोणी लावून दाखविली आहे, असे आमच्या वाचनात आलेले नाही; तोवर फोटॉनचे नाव तेथे न घेणे बरे.

त्या रात्रीच्या चांदण्याचा हिशेब आम्ही नंतर करून पाहिला. पुनवेच्या चांदण्यात नखाएवढ्या जागेवर दर सेकंदाला काही हजार कोटी फोटॉन पडतात. सूर्यावरून निघून सुमारे आठ मिनिटांत चंद्राशी, आणि तेथून सव्वा सेकंदात आमच्या दुधाच्या पेल्यात. पूर्ण अंधाराला सरावलेल्या डोळ्याला मात्र अगदी थोडे पुरतात. १९४२ साली हेश्ट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दाखविले की डोळ्यावर शंभराच्या आसपास फोटॉन पडले आणि त्यांतले पाच ते चौदा आतल्या पडद्याने शोषले, तरी माणूस 'दिसले' असे सांगू शकतो. इतके बारीक पाहण्याची सोय शरीरातच आहे.

त्या पाहणीच्या दिवशी लख्ख ऊन होते. आम्ही जीपमधून उतरून बाईच्या अंगणापर्यंत गेलो, फॉर्म भरला आणि पुढच्या घराकडे वळलो. भिंत चार पावलांवर होती. हात लावला असता तर ती ओली लागली असती.